घासलेला आकडा
नवरात्राआधी डबे घासायला राख काढली, की तिच्या वासासरशी मला मंगळवेढ्याच्या घरातलं कणगीचं झाकण आठवतं. माझ्या जन्माआधी, पासष्टचं युद्ध संपल्यावरच्या वर्षी, इंजिन बंद पडून एक लढाऊ विमान आमच्या ज्वारीत उतरलं आणि मोडलं. लष्कराने सांगाडा नेला, पण एक पत्रा मागे राहिला. तो वडिलांनी धान्याच्या कणगीवर झाकला. मी अकरा वर्षांची असताना, दसरा झाल्यावर, त्या विमानाचे वैमानिक आमच्याकडे आले. निवृत्त झालेले, जरा लंगडत चालणारे. “तुमच्याकडे राहिलेल्या पत्र्यावर माझ्या विमानाचा आकडा होता. एकदा बघू द्या,” म्हणाले. वडिलांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला. “पोरी, आकडा कुटं गेला गं?” “घट बसायच्या आधी घासला की! लई चिवट रंग हुता, दोन दिवस लागले,” मी ऐटीत सांगितलं. वडिलांनी मान खाली घातली. पाहुणे मात्र म्हणाले, “छान चकचकीत केलंस, बाळ,” आणि कोऱ्या पत्र्यावर बोट फिरवत तो आकडा हळूच म्हणाले. चुलीत कोळसा होता, मला तेव्हाच लिहून ठेवता आला असता. झाकण आता सोलापुरात माझ्याकडे आहे. आकडा काही केल्या आठवत नाही.