तिच्या मापाचं टेबल

शेजारी सागाच्या फळीवर रंधा फिरतोय. तो कडवट वास अंगणात आला आणि मी वीसेक वर्षं मागे गेलो.

नागभीडच्या याच अंगणात, कडुलिंबाखाली, टेबल आणि दोन बाकडी करायची होती. म्हाताऱ्या सुतारानं टेप काढलाच नाही. त्यानं विटा रचल्या आणि माझ्या बायकोला त्यांवर बसवलं.

"टाच टेकली का, बाई?"

"नाई टेकली."

त्यानं एक वीट काढली. टाच टेकली. मग तिच्या कोपराशी त्यानं टेबलाची उंची धरली.

मी वैतागलो. "इतकं ठेंगणं? माह्ये गुडघे अडकतीन ना!"

"भाऊ, जो जास्त बसन त्याच्या मापानं करा लागते."

मी तेव्हा कुरखेड्याला नोकरीला होतो, शनिवारी घरी यायचो.

माझ्या निवृत्तीआधीच ती गेली. आता रोज संध्याकाळी मी चहा घेऊन त्या टेबलाशी बसतो. गुडघे फळीला लागतात. समोर, तिच्या बाजूची कड कोपर टेकून टेकून गुळगुळीत झाली आहे. माझ्या बाजूची अजून खरखरीतच आहे.