सहा कॉम्प्युटरची क्यूब टेस्ट

प्राचार्यांनी तिसऱ्यांदा विमान पाडलं. सेल्समन त्रिवेदी म्हणाला, “सर, बहुत बढिया. पहिल्या दिवशी लोकांचं विमान रनवेसुद्धा सोडत नाही.”

हे चाललं होतं नागपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. मी कॉम्प्युटर सेंटरचा इनचार्ज. सहा पर्सनल कॉम्प्युटर घ्यायचे होते आणि निवड समितीत आम्ही तिघं होतो: प्राचार्य, मी आणि लेक्चरर भोयर मॅडम. प्राचार्य मूळचे सिव्हिलचे. कॉम्प्युटर म्हणजे रंगीत पडदा आणि त्यावर उडणारं विमान, एवढी त्यांची समजूत विक्रेत्यांनीच करून दिली होती. त्या काळी प्रत्येक विक्रेता हाच खेळ चालवून दाखवायचा. खेळ चालला की मशीन ‘हंड्रेड पर्सेंट कम्पॅटिबल’. म्हणजे मूळ अमेरिकन मशीनवर जे चालतं ते या नकलेवरही जसंच्या तसं चालतं. त्रिवेदी हे इतक्यांदा म्हणाला की मी मोजणं सोडून दिलं, आणि मोजणं सोडणं माझ्या स्वभावात नाही.

आम्हाला विमान नको होतं. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरमधला मुकादम. कोणत्या प्रोग्रामने कधी काम करायचं, डिस्क कोणी वापरायची, हे तो ठरवतो. बाजारात मिळणारे मुकादम बुरख्यातले. ते काय करतात ते दिसतं, कसं करतात ते कंपनी सांगत नाही. पण एका परदेशी प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी एक लहानशी सिस्टिम लिहून तिचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, शिकणाऱ्यांसाठी खुला केला होता. भोयर मॅडमनी तिच्या फ्लॉपी मिळवल्या होत्या. जुलैपासून शेवटच्या वर्षाला त्यांचा नवा विषय सुरू होणार होता. पोरांनी सिस्टिम उघडायची, तिच्यात बदल करायचे, पुन्हा चालवायची. प्रॅक्टिकल झाली नाहीत तर विषय रद्द आणि मॅडम परत पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगवर. तिथे त्यांनी आधीच बरीच वर्षं काढली होती.

“सर, नट-बोल्ट काढून काढून मले आता स्वप्नातबी आटे दिसतात,” असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्या नागपूरजवळच्या कन्हानच्या. स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठी बोलायच्या, चिडल्या की घरची.

विमान थांबल्यावर मॅडमनी आपली फ्लॉपी त्रिवेदीच्या मशीनमध्ये घातली. सिस्टिम सुरू झाली. मग त्यांनी ती हार्ड डिस्कवर उतरवायची आज्ञा दिली आणि मशीन गप्प झाली. कर्सरसुद्धा लुकलुकायचा थांबला.

“मॅडम, फ्लॉपी खराब आहे,” त्रिवेदी म्हणाला. मॅडमनी दुसरी घातली. मग तो व्होल्टेजवर आला. आम्ही स्टॅबिलायझर लावून दाखवला, तेव्हा तो नागपूरच्या उन्हावर आला. एप्रिल होता, त्यामुळे ऊन खोटं ठरवता आलं नाही. पण त्याच उन्हात विमान मजेत उडत होतं, हेही खरं.

प्राचार्य म्हणाले, “मशीन उत्तम आहे. मॅडम, तुमची सिस्टिमच फुकटातली. फुकटाच्या वस्तूसाठी मी चांगली मशीन नाकारू का? शुक्रवारी ऑर्डर काढतो. नाही चाललं तर ड्रॉइंगला माणूस कमीच आहे.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्रिवेदीला तेवढ्यात जोर आला. हेच मॉडेल कन्हानला एका रेतीवाल्याने गेल्या वर्षी घेतलंय, तिथे काहीही चालवा, असं तो म्हणाला. आम्ही जाणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. पण मॅडमचं माहेर तिथलंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही ढोमणे भाऊंच्या ऑफिसात हजर झालो.

ढोमणे भाऊ म्हणजे कन्हान नदीच्या पात्रातली रेती ट्रकांनी नागपूरला पोचवणारे गृहस्थ. त्यांच्या कॉम्प्युटरला मखमली कव्हर होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकू. यावर काय काम करता, असं मी विचारलं.

“बिलं तं मुनीमजी हातानंच बनवते, साहेब. यावर आमी विमान उडवतो.”

मॅडमनी फ्लॉपी घातली. सिस्टिम सुरू झाली, हार्ड डिस्कवर उतरली आणि तिथून पुन्हा चालूही झाली. मॅडमनी दोनदा करून पाहिलं.

“भाऊ, तुमची मशीन लय गुणाची आहे,” त्या म्हणाल्या.

“मंग काहून नाही राहीन? रोज उदबत्ती दाखवतो तिले.”

माझा उदबत्तीवर विश्वास नाही. मी स्क्रूड्रायव्हर काढला. भाऊंनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा मागवला. झाकण उघडल्यावर हार्ड डिस्कचं कार्ड दिसलं. कार्ड म्हणजे मशीनच्या आतली छोटी पाटी. तिच्यामार्फत डिस्कशी व्यवहार होतो. त्यावरचा छापील नंबर मी उतरवून घेतला. परत येऊन त्रिवेदीने कॉलेजात ठेवलेल्या मशीनचं झाकण उघडलं. तिच्यात दुसऱ्याच कंपनीचं कार्ड. बाहेरून दोन्ही मशीन जुळ्या बहिणी, मॉडेलचं नाव अक्षरशः तेच.

साध्या प्रोग्रामला याने फरक पडत नाही, कारण तो साहेबाच्या, म्हणजे कार्डाच्या, केबिनमध्ये स्वतः जात नाही. दारावरच्या शिपायाच्या, म्हणजे मशीनसोबतच येणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या, हाती फाइल देतो. आमची सिस्टिम शिपायाला न विचारता थेट आत जाणारी. आतलं टेबल नेहमीच्या जागी नसेल तर ती धडपडते.

मी त्रिवेदीला जुन्या कार्डाची मशीन मागितली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि पहिल्यांदाच तो खरं बोलला. “सर, कार्ड बाहेरून येतं. ज्या महिन्यात जे स्वस्त मिळतं ते कंपनी लावते. माझ्या हातात फक्त बाहेरचं स्टिकर आहे.”

म्हणजे मॉडेलचं नाव लिहून ऑर्डर काढण्यात अर्थच नव्हता. मी आणि मॅडम प्राचार्यांकडे गेलो. मी म्हणालो की ऑर्डरमध्ये मॉडेलच्या जोडीला एक अट घाला: प्रत्येक मशीनवर आमची फ्लॉपी चालून डिस्कवर उतरली तरच माल घेऊ.

“असं कुठे लिहितात का? उद्या ऑडिटवाले विचारतील, काय खरेदी केलं. सांगू का, फ्लॉपी चालणारी वस्तू?”

“सर, हॉस्टेलच्या स्लॅबचं काँक्रीट तुम्ही सिमेंटच्या पोत्यावरचं नाव वाचून पास केलं होतं का?”

“नाव वाचून? त्याच काँक्रीटचे ठोकळे, क्यूब, भरले. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले आणि मशीनखाली चिरडून पाहिले.”

“सिमेंट तर नावाजलेलं होतं.”

“सिमेंट नावाजलेलंच असतं हो. रेतीत माती किती, पाणी किती ओतलं, हे पोत्यावर लिहिलेलं असतं का?”

मॅडम हळूच म्हणाल्या, “तेच सांगून राहिलो ना आम्ही, सर. पोतं तेच आहे, आतली रेती बदलली.”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग स्टेनोला हाक मारली आणि उभ्याउभ्या अट सांगितली. ती त्यांनी इमारतीच्या कंत्राटातून जशीच्या तशी उचलली होती. प्रत्येक नगाची चाचणी खरेदीदाराच्या समक्ष होईल. चाचणीत नापास झालेला नग ठेकेदाराने स्वखर्चाने साइटवरून ताबडतोब हलवावा. कॉम्प्युटरच्या ऑर्डरमध्ये ‘साइट’ हा शब्द मी तेव्हा प्रथमच पाहिला. त्रिवेदीने ती अट वाचली, घाम पुसला आणि सही केली. ऑर्डर सहा नगांची होती, आणि त्या महिन्यात त्याच्याकडे दुसरी ऑर्डर नसावी.

जूनमध्ये माल आला. प्राचार्य विमानाला हात न लावता खडू घेऊन उभे राहिले. मॅडम एकेका मशीनमध्ये फ्लॉपी घालत गेल्या. चार पास झाल्या. दोन हार्ड डिस्कपाशी अडल्या. प्राचार्यांनी त्या दोन खोक्यांवर कच्च्या विटांवर मारतात तशी फुली मारली.

त्रिवेदी म्हणाला, “सर, मॉडेल तर तेच आहे.”

“स्लॅब पडतो तेव्हा पोतंही तेच असतं,” प्राचार्य म्हणाले. “उचला.”

दोन्ही खोकी त्याच दुपारी रिक्षातून गेली. आठवड्याभरात त्यांच्या जागी दुसरी दोन आली. कार्ड योग्य होतं आणि चाचणी पास झाली.

जुलैत मॅडमचा विषय सुरू झाला. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने डिस्क हाताळणारा भाग स्वतः नव्याने लिहिला आणि पहिल्याच प्रयत्नात अख्खी डिस्क कोरी करून टाकली. मी हबकलो. मॅडम मात्र हसत होत्या. सोर्स हातात होता, चूक कुठे झाली ते पोरांनी दोन दिवस शोधलं, ती सापडली आणि त्यांनी ती दुरुस्त केली. शिकवायचं होतं ते हेच. ड्रॉइंगसाठी कॉलेजने नवीन माणूस नेमला.

कोणती मशीन घेऊ, असं लोक मला अजूनही विचारतात. मी नाव सांगत नाही, एवढंच सांगतो: तुमचं काम सोबत घेऊन जा, त्यांच्या मशीनवर करून पाहा, आणि घरी आलेल्या खोक्यावर पुन्हा करून पाहा. विक्रेता चहा पाजेल, तो घ्या. त्याने स्वतः चालवून दाखवलेलं काहीही हिशेबात धरू नका.