चित्रातला कारकून

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात एक जुनं तैलचित्र आहे. दरबारात रयत सारा भरायला उभी आहे, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर भोपळा. कोपऱ्यातला कारकून मात्र वहीत तोंड खुपसून बसलाय. मार्चअखेर घरपट्टी भरायला आलेले लोक चित्राकडे बघून मला विचारायचे, "भाऊसाहेब, कोंबडी चालेल का?" मी वसुली कारकून. मीही हसायचो.

एका मार्चमध्ये थकबाकीदारांच्या दारात ढोल-ताशा वाजवायचं ठरलं. यादी मी केली. निवृत्त शिक्षिका पाटणकरबाईंच्या दारात ढोल सुरू झाला, तशी अख्खी आळी गॅलरीत आली. बाई पावती घेऊन बाहेर आल्या. "अहो, मी जानेवारीतच भरलीय. ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. नोंद करायची राहिली होती. वरिष्ठ शेजारीच उभे होते, म्हणून मी नालायक ओरडलो, "वाजवा रे! बाईंचं नंतर बघू."

परवा पेन्शनच्या कामाला गेलो, तेव्हा चित्र तिथंच होतं. कोंबडी बघून हसू आलं नाही. त्या कारकुनाचा मात्र असा संताप आला, की वही हिसकावून त्याचं थोबाड वर करावंसं वाटलं. लपायला त्याला वही दिली कुणी?

बाई आता नाहीत. त्या दिवशी ढोल थांबवून मला एवढंच म्हणायचं होतं, "बाई, चूक माझी आहे."