जबाबातला ‘असंल’

ऋतुजा म्हात्रेला इंग्रजी बरं येत होतं, म्हणून रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तिला नोकरी लागली. पेणला बाबाजी सरांच्या क्लासला ती दोन वर्षं जात होती. सर फळ्यावर दोन रांगा काढायचे. डावीकडे कदाचितचे शब्द, परहॅप्स, प्रॉबेबली. उजवीकडे खात्रीचे, डेफिनेटली, सर्टनली, अ‍ॅब्सोल्यूटली. म्हणायचे, "मुलाखतीत डावीकडचा शब्द तोंडातून गेला की समोरच्याला वाटतं, ह्या पोरीला स्वतःचीच खात्री नाय."

ऋतुजाने ते पाठ केलं. मुलाखतीत विचारलं, शिफ्टमध्ये काम कराल का, तर डेफिनेटली. तीन वर्षं थांबाल का, तर सर्टनली. तिथल्या साहेबांनी लगेच एक कागद पुढे केला. तीन वर्षं पुरी होईपर्यंत तिची दहावी, बारावी आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं कंपनीत राहणार होती. तिने सही केली. मिठागर बंद पडल्यापासून तिचे वडील काळुराम रामवाडीला एका गॅरेजवर राखणीला बसत. त्यांनी त्या दिवशी गावात पेढे वाटले.

तिच्या खात्याचे मॅनेजर हरेश ठाकूर तिच्याच शेजारच्या गावचे. जागा निघाल्याचं त्यांनीच काळुरामना सांगितलं होतं. घरी आले की ते हरेशदादा, कंपनीत साहेब. ऋतुजाचं काम होतं सुरक्षा खात्याचे कागद इंग्रजीत करायचे. कामगार मराठीत सांगत, ती वहीत लिहून घेई आणि मग इंग्रजीत टाइप करी. दीड वर्ष तसंच गेलं.

मग एका सकाळी टाकीखालच्या व्हॉल्व्हमधून ॲसिड गळलं आणि सोमा नावाच्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत भाजला. त्या व्हॉल्व्हवर विलास होता. विलास खांब गावाजवळच्या आदिवासी वाडीतला, ठेकेदाराकडचा माणूस. चार वर्षं तेच काम करत होता. ऋतुजासमोर तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"व्हॉल्व्ह उघडा राहिला होता का?" तिने विचारलं.

"मी तर बंद केलता, ताई. पण त्याची मूठ घसरते, कवापासून सांगतोय. उघडा राह्यला असंल, तर माझ्याकडूनच राह्यला असंल. दुसरं कोण होतं तिथं?"

तिने वहीत शब्दन् शब्द लिहून घेतला. इंग्रजीत करताना एक ‘इफ’ घातला, एक ‘प्रॉबेबली’ घातला, मुठीचं वाक्यही घातलं. दोन दिवसांनी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून कागद परत आला. वर लाल अक्षरात लिहिलं होतं, अहवालात मोघम भाषा नको, ठामपणे लिहा.

हरेशने तिला बोलावलं. "हा इफ काढ. प्रॉबेबली काढ. डेफिनेटली घाल."

"पण तो तसं नाही म्हणाला, साहेब."

"माझ्याकडूनच राहिला म्हणाला ना?"

"असंल, म्हणाला."

हरेशने डोळे चोळले. तो स्वतः दोन दिवस घरी गेला नव्हता. "ऋतुजा, असंलला इंग्रजीत कोण विचारतं? मुठीचं वाक्य राहू दे बाजूला, ते मेन्टेनन्सवाले बघतील. आज संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे. तुला इथे आणलं कोणी, एवढं तरी बघ."

तिने टाइप केलं. विलासने व्हॉल्व्ह डेफिनेटली उघडा ठेवला होता. एकच ओळ. मुठीचं वाक्य तिने पुसलं. विलास सहीला आला, कागदाकडे बघितलं आणि तिच्याकडे.

"काय लिवलंय, ताई?"

"तू सांगितलंस तेच."

त्याने इंग्रजी मजकुराखाली मराठीत सही केली, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी. तिसऱ्या दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला.

त्यानंतरही ऋतुजा कामावर जात होती. कंपनीची बस रोज खांबवरून जायची, विलास चढायचा त्या थांब्यावर क्षणभर थांबायची आणि कोणीच चढत नसे. तिने घरी एकदा विषय काढला. "बाबा, सोडू का नोकरी?"

"आणि कागद?" काळुराम म्हणाले. "ते तर त्यांच्या कपाटात हायेत. बिनकागदाची कुठं जाशील गो?" मग म्हणाले, "हरेशला काय वाटंल?"

महिनाभराने सरकारी खात्यातून चौकशीला एक बाई आल्या, रोहिणी मॅडम. त्यांनी सगळे कागद मागवले आणि ऋतुजाला बोलावलं. हरेश शेजारीच बसला होता. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, हे भाषांतर तुमचं का, आणि तो कामगार नेमकं हेच बोलला का.

ऋतुजाला उत्तर पाठ होतं. डेफिनेटली, एवढा एक शब्द म्हटला असता, तर पाच मिनिटांत ती बाहेर पडली असती. तिने हरेशकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"नाही," ती मराठीत म्हणाली. "राहिला असेल, असं म्हणाला होता. आणि मूठ घसरते, असंही म्हणाला होता."

"तुम्हाला कशावरून आठवतं?"

"माझ्या वहीत आहे."

ती उठून वही घेऊन आली. मॅडमनी ते पान वाचलं, तिची सही घेतली, मग जाऊन व्हॉल्व्ह बघितला. मूठ खरंच झिजलेली होती. त्यांच्या अहवालात विलासवरचा ठपका पुसला गेला.

ऋतुजाला कोणी काढलं नाही. तिला काढलं असतं, तर का काढलं ते लिहावं लागलं असतं. तिचं टेबल फक्त गेटजवळच्या खोलीत गेलं. तिथे ती दिवसभर येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिते. हरेश तिच्याशी बोलत नाही. काळुरामच्या घरीही तो येत नाही, आणि त्याबद्दल काळुराम मुलीला काही बोलत नाहीत, हेच तिला जड जातं. प्रमाणपत्रं तिने मागून बघितली. मुदत संपल्यावर या, असं उत्तर मिळालं. अजून सोळा महिने आहेत.

एका रविवारी ती विलासच्या वाडीवर गेली. त्याची बायको आवडी दारात सुकट निवडत होती. विलास आतून आला, तिला बघून चटई टाकली. आता वीटभट्टीवर कामाला जातो म्हणाला. तिने मॅडमच्या अहवालाची नक्कल त्याला दिली आणि आधी काय लिहिलं होतं, तेही सांगितलं. खोटं सांगून सही घेतली, हेही सांगितलं.

विलासने कागद उलटसुलट करून बघितला. "म्हंजे आता माझी चूक नाय?"

"नाही."

"मंग गेटवर का नाय घेत?"

ठेकेदार म्हणतो जागा नाही, हे तिला माहीत होतं. ते तिने सांगितलं. ते बोलताना तिलाच ते पोकळ वाटलं.

आवडी सुपावरून मान वर न करता म्हणाली, "तू तवा खरं लिवलं असतंस, तर हा आज कामावर असता."

चहा झाला होता, तो ऋतुजाने घेतला. मग ती हमरस्त्यावर येऊन उभी राहिली. पेणकडे जाणारी एसटी लवकर येईना. रविवारची शिफ्ट सुटून पेणकडे परतणारी कंपनीची बस आली, ड्रायव्हरने ओळखून दार उघडलं आणि ती चढली.