बडेबाबूंच्या नावावरचं रक्त

वाशीमच्या आमच्या कार्यालयात कामं बडेबाबूंच्या नावानं होत आणि करी मी. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. त्यांचे मसुदे मी लिही. ते उशिरा आले तर मस्टरवर त्यांची सहीही मीच ठोकी. मी तात्पुरता कारकून, आणि कायम व्हायचं ते त्यांच्याच शिफारशीनं.

सत्तरच्या दशकात एकदा डॉक्टर मंडळी आली. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी कोणाच्या हृदयाला धोका आहे, हे त्यांना रक्त तपासून पाहायचं होतं. यादीत फक्त कायम नोकर होते. तात्पुरत्या माणसाला हृदय असतं, हे सरकारला बहुधा मान्य नव्हतं. उपाशीपोटी यायचं बजावलेलं असूनही बडेबाबू तूप-पोळी हाणून आले. नाव पुकारलं तसे ते माझ्याकडे वळले.

"तू उपाशी हायेस ना?"

"हो. खोलीवर सकाळी कुठं चूल पेटते?"

"मंग जा, माह्या नावावर देऊन ये."

मी बाही वर सारली. रक्त काढणाऱ्यानं यादीतलं बावन्न वय वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तब्येत छान राखलीत म्हणून माझं कौतुक केलं.

महिन्याभरानं अहवाल आला. टपाल मीच फोडत असे, म्हणून आधी मीच वाचला. बडेबाबूंच्या रक्तात चरबी फार आहे, हृदयाला धोका आहे, तूप-तेल सोडा, रोज चाला. मी तो पुन्हा वाचला. माझा बाप छातीत कळ येऊन चाळिशीच्या आतच गेला होता आणि मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

मी धीर करून म्हटलं, "बडेबाबू, रक्त तं माह्यं होतं."

"कागदावर नाव कोनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग? सरकारी कागद काय खोटं बोलून राह्यला?"

आणि गंमत म्हणजे ते खरोखरच घाबरले. रोज पहाटे अनसिंगच्या रस्त्यानं चालू लागले. तूप सोडलं. पण घरी बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुपानं थबथबलेला डबा तसाच येई आणि माझ्यापुढे सरके. "खाय, जवान मानूस हायेस." मी खात गेलो. त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि पोळ्याही चांगल्या असत. शिवाय अहवालावर माझं नाव नव्हतं, तेव्हा दुखणंही माझं नसेल, अशी मी माझीच समजूत घातली. इतकी वर्षं कार्यालयात काढल्यावर माणूस एवढं तर शिकतोच.

दोन वर्षांत बडेबाबू शेवग्याच्या शेंगेसारखे सडपातळ झाले. एका दुपारी टेबलावरच माझ्या छातीत कळ आली. दवाखान्यात मला त्यांनीच नेलं, आणि तेही पायऱ्या भराभर चढत. मला कायम करण्याचा प्रस्ताव तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी रक्त तपासलं होतं का?"

बडेबाबू खिडकीबाहेर पाहू लागले.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. बडेबाबूंनी वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज सांगायला लाज वाटते, पण छातीतली ती कळ सोसत असतानाही ते खूश झाले याचाच मला आनंद झाला.