हुलग्यांपाशी थांबलेली जर्मन गाडी

मंडळी, सकाळी नातीचा जर्मनीहून फोन आला. आज ती तिथं पहिल्यांदाच गाडी चालवणार होती. म्हणाली, "आजोबा, काही सल्ला?" मी जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस! पण एकाहत्तर साली स्वतःची गाडी घेऊन आमच्या भागातून चाललेला एक जर्मन पाहुणा आठवला.

तेव्हा आमच्याकडं हुलगे, म्हणजे कुळीथ, उपटून डांबरी रस्त्यावर पसरायचे. वरून गाड्या गेल्या की फुकटात मळणी. घोडेगावजवळ चुलतीनं असेच पसरले होते, मीही तिच्यासोबत कडेला उभा होतो. पाहुण्यानं करकचून ब्रेक लावला, खाली उतरला आणि हुलगे उचलून कडेला ठेवू लागला.

चुलती ओरडली, "आरं, त्याला सांग, गाडी घाल म्हनावं वरून!"

मी मॅट्रिकच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "हे तर अन्न आहे." शेवटी चुलतीनं स्वतः पायांनी तुडवून दाखवलं, तेव्हा कुठं तो गाडीत बसला.

म्हणून नातीला म्हटलं, "काही कळलं नाही तर थांबायचं, उतरून विचारायचं."

ती हसली. "आजोबा, इथं मोठ्या रस्त्यावर असं थांबलं तर दंड होतो!"

त्या पाहुण्याला आम्ही इतकी वर्षं वेडा म्हणून हसलो. स्वतःच्या देशातला, रस्त्यात न थांबण्याचा नियम विसरून परक्याच्या हुलग्यांसाठी भर रस्त्यात थांबणाऱ्याला वेडा म्हणायचं का, सांगा बरं?