स्पेसबारवरचा अंगठा

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीची गाडी शोधत होतो. निघालो होतो त्यांच्याकडेच.

अमरावतीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं; मी काम तिथेच शिकलो. लोक घरून फाइली टाइप करून आणत आणि त्यांत नको तिथे इतक्या मोकळ्या जागा असत की भाईंचा पारा चढे. मग काळ्या पडद्यावर ते 'सेड' नावाच्या कमांडची एक ओळ लिहीत. ओळींच्या शेवटच्या मोकळ्या शेपट्या छाटल्या जात, शब्दांमधल्या चार-पाच स्पेसची एकच उरे. माउस शोधणाऱ्याला ते आळशी समजत. पण निकाल आधी नुसता पडद्यावर पाहायचा, मूळ फाइल तशीच ठेवायची, ही त्यांची शिस्त. "पायजामा शिवाच्या आंधी माप घेतेत ना बे?" असं वर विचारत.

शेतीचे ते वाईट दिवस होते. रविवारी भाई मोर्शीकडच्या गावांत जात, घरधनी गमावलेल्या बायकांशी बोलत, ते कॅसेटवर घेत आणि दुकानात बसून स्वतः टाइप करत. त्याचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. त्या फाइली मोकळ्या जागांनी भरलेल्या दिसल्या म्हणून एकदा मी कमांड चालवायला बसलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"कावून पुसून राहिला? बाई थांबली होती तिथं."

कॅसेटमधला आवाज थांबला की भाई अंगठ्याने स्पेसबार दाबत राहत, आवाज परत येईपर्यंत. मला तो निव्वळ हट्ट वाटला आणि मी तसं म्हणालोही.

"तुले घाई आहे," ते म्हणाले. "तिले नव्हती..."

ते गेल्यावर आम्ही पुस्तक छापायला दिलं. परवा छापखान्यातून निरोप आला, जागा काढा, कागद वाचेल. भाभींनी निर्णय माझ्यावर सोडला. मी भाईंच्या शिस्तीने निकाल आधी पडद्यावर पाहिला. बायका कुठेही न थांबता बोलत होत्या, बाजारहाट सांगावा तशा. मूळ फाइली तशाच ठेवल्या आणि जागा राहतील असं छापखान्याला कळवलं.

एक कॅसेट टाइप व्हायची राहिली होती. सध्या ती मी करतो आहे, त्यांच्याच खुर्चीत बसून. भाई विचारतात, "मंग काय झालं, माय?" आणि बाई गप्प होते... कॅसेट फिरत राहते. तेवढ्या वेळात भाईंचा श्वास ऐकू येतो, तिची वाट पाहत थांबलेला. माझा अंगठा स्पेसबारवर असतो. तिने इतक्यात बोलू नये असं वाटतं.